पाचाच्या आकड्यावरची डाळ

"मला इचारलं का?"

कुणी काहीही नवं सांगायला गेलं की अक्कांचं पहिलं वाक्य हेच. पालिकेने गल्लीतला नळ हलवला, मला इचारलं का? सुनेने पुण्याहून मऊ चपला पाठवल्या, मला इचारलं का? लातुरात केबलचा धंदा करताना मी नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली, पण दारातच माणसाला आरोपी करणारं हे एकच.

अक्का मूळच्या उदगीरकडच्या. नवरा तुरीचा व्यापारी, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा पुण्यात, घरात त्या एकट्या. काचबिंदूने नजर जवळजवळ गेली होती, समोर नुसता उजेड-अंधार कळायचा. तरी टीव्ही चालू असायचा आणि तोही स्वतःच्या हाताने लावलेला. तुमच्या घरात जुना रिमोट असेल तर जरा चाचपून पाहा. पाचाच्या बटणावर एक टिंब असतं. आपलं तिकडे कधी लक्षही जात नाही. अक्का अंगठा तिथे टेकवायच्या आणि कानडीत पुटपुटायच्या, "ऐदु. वर एरडु, खाली एंटु." पाच, वर दोन, खाली आठ. ही मोजणी माहेरची, सासरी येऊनही बदललेली नाही. बातम्या, प्रवचन, मालिका, सगळं त्या एका अंगठ्यावर चालायचं.

मग केबल कंपनीने टीव्हीला जोडायचे जुने सेट-टॉप डबे बंद करून नवे दिले. नवा रिमोट मीच कौतुकाने घेऊन गेलो. सडपातळ, गुळगुळीत, आकडा औषधालाही नाही. मधे एक गोल कडं आणि वर माइकचं बटण. पडद्यावरची चित्रं बघत कडं दाबत जायचं, नाहीतर बोलून सांगायचं.

अक्कांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "आकडे कुठं गेले रे?"

"आता लागत नाहीत, अक्का. नुसतं बोलायचं."

"मला इचारलं का?"

तरी बोलल्या. बटण दाबून ठणकावून म्हणाल्या, "आवाज बारीक कर!"

आपल्याकडे आवाज बारीकच करतात. डब्याला ते कुठून माहीत असणार? पडद्यावर एक तरुणी आली आणि पोट कमी करायचे व्यायाम दाखवत उड्या मारू लागली. तिचा आवाज आधीपेक्षा दुप्पट.

"काय बोलायलीय ही बया?"

मी सांगितलं. मला हसू आवरेना. "अक्का, 'आवाज कमी करा' असं जरा शुद्ध बोला."

"मंग माझं काय बाटलंय का? ह्याला लातुरात ऱ्हायचं आसंल तर ह्यानं शिकावं. मी न्हाई शिकणार." आणि रिमोट माझ्या हातात कोंबून म्हणाल्या, "डोळे मिट आन् लाव बातम्या."

मी मिटले. ऐटीत कडं दाबत गेलो. डोळे उघडले तेव्हा डब्याची भाषा बदलून तमिळ झाली होती. ती परत मराठीवर आणताना मला घाम फुटला आणि अक्का पदर तोंडाला लावून हसत होत्या.

एवढ्यावर राहिलं असतं तर गंमतच होती. पण पुढच्या खेपेला गेलो तेव्हा घर चिडीचूप होतं. अक्का बंद टीव्हीसमोर बसलेल्या.

"पोरगा न्यायला यायलाय," त्या म्हणाल्या. "म्हणतो, आई, तुला साधा टीव्ही लावता यिना, एकटी कशी ऱ्हाशील? घराला कुलूप लावू."

मुलगा वाईट नव्हता, त्याला काळजीच होती. पण माझं डोकं फिरलं. रिमोट बदलला कंपनीने आणि नापास झाली आई!

"तिथं पानी प्यायचं तरी इचारावं लागतंय," अक्का म्हणाल्या. "हितं माझा हात समद्याला पोचतो." त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मला ते सहन झालं नाही.

गंजगोलाईची सगळी बाजारपेठ पालथी घातली. शेवटी नव्या डब्याला चालणारा, जुन्या घडणीचा आकडेवाला रिमोट मिळाला. धावत आणून दिला. अक्कांनी अंगठा फिरवला. "टिंब न्हाई ह्याला."

मी खाली बसलो. अक्का मात्र उठल्या, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेल्या आणि तुरीच्या डाळीचा एक दाणा घेऊन आल्या.

"चिकटव पाचावर. एका अंगानं सपाट आस्ती. आमच्या मालकानं जल्मभर तूर इकली, एक दाना मला कामाला यिऊ दे."

मुलगा आला त्या दिवशी मी वायर तपासायचं निमित्त काढून तिथेच रेंगाळलो. त्याने बॅग उघडून विचारलं, "आई, काय काय घ्यायचं बरोबर?"

अक्का खुर्चीत ताठ बसल्या. "ऐदु," म्हणाल्या आणि बातम्या लावल्या. मग प्रवचन. मग मालिका. आवाज वाढवला, बारीक केला, टीव्ही बंद केला.

"तुझी गाडी कवा हाय?"

"आई, प्रश्न टीव्हीचा नाहीये गं."

"फोनवर तर त्योच हुता. का आता दुसरा काढायलास?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी वायरीत तोंड खुपसलं. संध्याकाळी तो एकटाच पुण्याला गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि "जप" एवढंच म्हणाला.

अक्का त्यानंतर काही वर्षं त्याच घरात राहिल्या, आपल्या हाताने दार उघडत, आपल्या हाताने लावत. गेल्या त्याही तिथूनच. आता त्या दाराला कुलूप आहे. मुलाचा मधूनमधून फोन येतो, कनेक्शन काढून टाका. कंपनीही तेच म्हणते. मी दोघांनाही हो म्हणतो. शिडी लावून खांबावर चढतो, गल्लीतल्या बाकीच्या वायरी तपासतो आणि अक्कांची तशीच ठेवून खाली उतरतो.