टर्बो, साबणाचं पाणी आणि तीन संशयी

टर्बोवाल्या गाडीचं बोनेट उघडलं की बिघाड सापडो न सापडो, किस्सा हमखास निघतो! बजाजनगरात आमच्या सोसायटीत मी, गायके आणि साळवे. तिघांकडं डिझेल गाड्या, आणि तिघांचाही कुठल्याच मिस्त्रीवर भरवसा नाय. म्हणून दर रविवारी सकाळी पार्किंगमध्येच तपासणी.

*

गायकेच्या गाडीतलं ऑइल कमी व्हायला लागलं. खाली थेंब नाय, डाग नाय. "कुणीतरी काढतंय!" संशय वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूवर. गायकेनं बोनेटच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून सही केली. आठ दिवसांनी पट्टी तशीच, ऑइल अजून खाली!

साळवेनं इंजिन रेस केलं. मागून निळा धूर. टर्बोचं, म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणाऱ्या पंख्याचं, सील गेलेलं, ऑइल जळत होतं.

"चोर सायलेन्सरमधून पळतोय बघ," साळवे म्हणाला.

गायके धुराकडं बघत म्हणाला, "मग तो भाडेकरू माझ्याशी बोलत का नाय?"

*

साळवेनं स्कॅनर आणला. स्वतःच्या गाडीला लावला, तर बिघाड दाखवला. गायकेच्या गाडीला लावला, तर सगळं ओके. साळवे हळूच मला म्हणाला, "गायकेनं फितवलंय ह्याला!"

*

क्रांती चौकात सिग्नल सुटला, मी ॲक्सिलेटर दाबला, आणि गाडीतून लांबलचक शिट्टी! पुढची स्कूटीवाली गर्रकन वळली. "लाज वाटत नाय?"

"ताई, मी नाय, टर्बो!"

शेजारी बसलेली बायको म्हणाली, "टर्बोला बरी बाईच दिसली!"

घरी येऊन टर्बोच्या पाइपांवर साबणाचं पाणी मारलं, इंजिन रेस केलं. एका भेगेतून बुडबुडे! हवा तिथूनच शिट्टी मारत होती. बायकोला बोलावून पुरावा दाखवला. ती म्हणाली, "पाइप बदला. मग बघू शिट्टी थांबती का."

*

पण लई भारी झालं ते खुलताबादच्या घाटात. साळवेच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठवडाभर लेकाकडं राहून ती गावी निघाली, सोबत आम्ही तिघं, गाडी साळवेची. एका डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. भर उन्हात चढावर 'फट्' आवाज झाला, मागं काळा धूर, गाडी ओढेचना. आई घामानं भिजली. साळवेचा चेहरा उतरला. शेवटी ज्याला आम्ही चोर म्हणायचो, त्याच रफिक मिस्त्रीला फोन केला.

तो मोटारसायकलवर आला, वाकून बघितलं. टर्बोचा मोठा पाइप निसटलेला, तो आवळणारा क्लॅम्प सैल.

"इसका क्लॅम्प ढिला कौन करा?"

"तुमच्याच माणसानं ठेवला असंल!" साळवे भडकला.

"साब, दो साल से तुमारी गाडी मेरे पास आयीच नै."

साळवेनं माझ्याकडं बघितलं. मी गायकेकडं. गायके दरीकडं बघायला लागला.

मागच्या सीटवरून आई म्हणाली, "माझा एकच डोळा उघडा व्हता, बाबा. पण रविवारी ह्या तिघांनीच खोललं व्हतं!"