सलीम बोलला तेव्हा

आज नववीच्या वर्गावर शिकवायला गेले आणि मेंदीचा वास आला. ईद नुकतीच झाली होती. त्या वासानं मी थेट करमाडच्या शाळेत, माझ्या नववीत पोचले.

दहावी झाली की मामूंच्या मुलाशी, सलीमशी माझं लग्न, असं घरात ठरलं होतं. हे कळल्यावर विज्ञानाच्या बाईंनी पालकांना शाळेत बोलावलं, आम्हा दोघांनाही बसवून घेतलं. अब्बा आणि मामू लहानशा बाकावर अंग चोरून बसले. जवळच्या नात्यात लग्न झालं तर मुलांना आजार होण्याचा धोका का वाढतो, अठराच्या आत पोरीचं शरीर तयार का नसतं, हे बाईंनी फळ्यावर चित्रं काढून सांगितलं.

"खरंय बाई, पण पोरगी घरातल्या घरात राहते," अब्बा म्हणाले.

मागच्या बाकावरून दहावीतला सलीम उठला आणि अब्बांना म्हणाला, "फूफा, ही मला लहानपणापासून लई मारते. मला बहीणच वाटते ती. बहीण म्हणूनच राहू द्या."

सगळे हसले, अब्बाही. मग पहिल्यांदाच त्यांनी मला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"शिकायचंय," मी म्हणाले.

तेव्हा वाटलं, सलीमनं गंमत केली. आज कळतं, समोर मामू बसलेले असताना एवढं बोलायला त्या पोराला किती धीर लागला असेल.