कबरस्तानातलं मेण

आमच्या सेबॅस्टियनला संकटाची भीती नाही, उलट ते आलं नाही तर त्याचा हिरमोड होतो. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर त्याने गोराईच्या आमच्या घरात कोठारच थाटलं. कडुलिंबाचा पाला घातलेले तांदूळ, सुके बोंबील, पाण्याचे ड्रम, बरणीत घट्ट बंद केलेल्या काड्यापेट्या. लाइट जाऊ दे, खाडीतली बोट बंद पडू दे, महिनाभर आपण बसून खाऊ, असं छाती काढून सांगत फिरायचा. बायको म्हणून मी ऐकून घ्यायचे.

त्याचा सगळ्यात मोठा अभिमान मेणबत्त्यांचा. ऑल सोल्स डेला सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतं. दुसऱ्या सकाळी हा फादरना सांगून बादली आणि सुरी घेऊन निघतो. दगडांवर गळलेलं मेण खरवडून आणतो, वितळवतो आणि मधोमध सुताची वात धरून रिकाम्या डब्यांत ओततो. अशा डब्यांची पलंगाखाली ट्रंक भरली होती.

आमच्या मुलाची, इयानची बायको, व्हॅलेन्सिया, पोटुशी होती. मेलेल्यांचं मेण बाळाच्या घरात नको, असं तिचं म्हणणं. तिची स्वतःची आईही त्याच कबरस्तानात आहे. रविवारपर्यंत ट्रंक बाहेर गेली नाही तर आपण वांद्र्याला भावाकडे जाणार आणि बाळाला घेऊन तिथेच राहणार, हे तिने आवाज न चढवता सांगितलं. पहिलं नातवंड आमचं. मी नवऱ्याला नको नको ते बोलले. तो म्हणाला, रविवार अजून लांब आहे.

शनिवारी वादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, बोट बंद, फोन बंद. संध्याकाळी गाव आमच्या दारात. या मेणावरून वर्षानुवर्षं त्याची टिंगल करणारेही डबे घेऊन गेले आणि सेबॅस्टियनची मान काही खाली येईना. फक्त व्हॅलेन्सिया आतल्या खोलीत काळोखात बसून राहिली. एकही डबा तिने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

तेव्हा त्याने ट्रंकेच्या तळातून फडक्यात गुंडाळलेला एक छोटा डबा काढला. तो मीही कधी पाहिला नव्हता. तो घेऊन सेबॅस्टियन तिच्या दारात उभा राहिला.

"व्हॅलेन्सिया, हे फक्त तुझ्या आईच्या कबरीवरचं मेण आहे. तू लावलेल्या मेणबत्त्यांचं. यात दुसऱ्या कुणाचं मिसळलं नाही मी. लाव, नाहीतर नुसतं जवळ ठेव."

ती रडत होती, हे मला बाहेर ऐकू आलं. मग काडी ओढल्याचा आवाज आला.

त्या उजेडात आम्ही चौघं तिच्या खोलीत भात आणि बोंबलाचं कालवण जेवलो. मला इतका आनंद झाला होता की मी दोनदा भात घेतला. ताटं उचलल्यावर व्हॅलेन्सिया वाकली आणि तिने हळूच फुंकर मारली.

"आज एवढी पुरे," ती म्हणाली. "बाकीची बाळ घरी येईल तेव्हा लावू. पप्पा, ट्रंकेत नीट ठेवा."