नावाचा रकाना

साहेबांनी फॉर्म माझ्यासमोर टाकला. हातात दिला नाही, टेबलावर टाकला. वर छापलेलं, ‘डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर : प्रशिक्षण व प्रमाणपत्र’. मला वाटलं, आलं! सहा वर्षं वाट बघितली, एकदाचं आलं.

“टाइप कर,” साहेब म्हणाले. “नावाच्या रकान्यात याचं नाव घाल.”

हा म्हणजे त्यांच्या मित्राचा मुलगा. पुण्याचा इंजिनिअर. रोह्याच्या आमच्या कंपनीत येऊन त्याला पंधरा दिवस झालेले. कंपनीचा माल, ऑर्डरी, माणसांच्या हजेऱ्या ज्या डेटाबेसमध्ये असतात, तो सहा वर्षं मी सांभाळत होते. कागदावर मात्र मी डेटा एंट्री ऑपरेटर. तीपण ठेकेदाराची. ज्याला प्रमाणपत्र तो कायम होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फॉर्म वाचला आणि राहवलं नाही. “सर, हा कोर्स दुसऱ्याच डेटाबेसचा आहे. आपल्याकडे चालतो तो हा नाही.”

सगळं ऑफिस ऐकत होतं. साहेब हसले. “तुम्ही मिठागरातली माणसं. कष्टाला वाघ. पण कोर्स कुठला घ्यायचा ते आम्हाला कळतं. याचं नाव मोठं आहे, हेड ऑफिसात बरं दिसतं. तू टाइप कर.”

आणि मी केलं. त्याच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा दोनदा तपासलं. त्याची लाज अजून जात नाही. साहेबांच्या बोलण्याची नाही, माझ्या बोटांची.

घरी, पेणकडे जिते स्टेशनाजवळच्या आमच्या गावात, आई म्हणाली, “गप ऱ्हा गो. नोकरी हाय ना?” बाबांचा जन्म धरमतरच्या खाडीकडे मिठागरात गेला. उधाणाआधी ते बांधावरून अनवाणी चालायचे. म्हणायचे, “डोल्याला बांध धड दिसतो. पोकल झाला का नाय, ता पायाला कलतं.” मी तेच करत होते. बॅकअप रोज निघतो म्हणून साहेब निश्चिंत. मी दर शनिवारी तो जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून, चालवून बघायचे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

महिन्याभराने तो पुण्याचा मुलगा प्रमाणपत्र घेऊन आला. साहेबांनी फ्रेम करून भिंतीला लावलं, पेढे वाटले. मीही खाल्ला.

आठवड्याच्या आत सर्व्हरची डिस्क गेली. गेटवर टँकर उभे, माल बाहेर पडेना. तो स्क्रीनसमोर घामाघूम. हळूच म्हणाला, “मॅडम, हे मला शिकवलंच नाही हो.” खोटं नव्हतं. बिचारा दुसरंच शिकून आलेला. मी बसले. शनिवारची सवय कामाला आली. दुपारच्या जेवणाआधी सगळं परत चालू केलं.

जेवणानंतर हेड ऑफिसला साहेबांचा मेल गेला, ‘आमच्या प्रमाणपत्रधारक अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने कंपनी वाचवली.’ आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! वर साहेब मला म्हणाले, “तुला येतं ते सगळं वहीत लिहून दे याला. उद्यापर्यंत.”

माझं डोकं फिरलं. “लिहीन. पण वहीवर माझं नाव राहील. आणि आपल्या डेटाबेसच्या कोर्सला मला पाठवा.”

“तुला?” ते म्हणाले. एवढंच.

“मग नाय लिहिणार.”

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने गेटवरच माझं कार्ड काढून घेतलं. ड्रॉवरमधला जेवणाचा डबाही आणू दिला नाही. ऑफिसातलं कुणी खाली आलं नाही. तो पुण्याचाही नाही.

चार महिने झाले. नागोठण्यापासून पेणपर्यंत सगळीकडे विचारून झालं. साहेब लोकांचे फोन माझ्याआधी पोचतात. आई माझ्याशी धड बोलत नाही. आता मी प्रमाणपत्राच्या परीक्षेचा अभ्यास करतेय, योग्य त्या डेटाबेसच्या. पास झाले तरी कुणी घेईल असं वाटत नाही. उगाच खोटं कशाला सांगू?

पण काल फॉर्म भरला. नावाच्या रकान्यात माझं नाव घातलं, आडनावासकट. स्पेलिंग दोनदा तपासलं. माझ्या जागी दुसऱ्याचं नाव आता ही बोटं टाइप करणार नाहीत. पुन्हा कुणी तसा फॉर्म समोर टाकला, तर तो टेबलावर तसाच पडून राहील.