अस्तराविना दाढ

बागबाजारातले दातांचे डॉक्टर चारुदत्त सबनीस किडलेली दाढ कोरली की तिच्यात थेट झिंक फॉस्फेटचं सिमेंट भरायचे. ते दगडासारखं टिकतं, पण ओलं असताना त्यातलं आम्ल नसेला झोंबतं. म्हणून आधी लवंगतेलाच्या मऊ सिमेंटचं अस्तर द्यावं, असं त्यांची बायको वृंदा कानीकपाळी ओरडायची. तीही दातांचीच डॉक्टर.

"अस्तर कोटाला लागतं," म्हणत चारुदत्त पेशंटला बंगालीत बजावायचे, "एकटू लागबे!" म्हणजे थोडंसं दुखेल.

एकाहत्तर साली, ऐन गणपतीच्या तोंडावर, त्यांचीच दाढ किडली. तिथल्या मराठी मंडळातले कडक बुंदीचे लाडू आता हुकणार होते.

"अस्तर देऊ ना?" वृंदानं विचारलं.

"मी काय कोट आहे?"

तिनं थेट फॉस्फेट भरलं.

किंकाळी पार ट्रामच्या रुळांपर्यंत गेली. बाहेर ताटकळलेले पेशंट घोषबाबू दारातून डोकावले आणि मायेनं म्हणाले, "डाक्तारबाबू, एकटू लागबे!"

वृंदा सिमेंट कोरून काढायला वळली, तेव्हा चारुदत्तांनी आ वासलेल्या तोंडानंच लवंगतेलाच्या बाटलीकडे बोट दाखवलं.