आबांच्या फोल्डरातले रविवार

गिऱ्हाईक आपला फोन घेऊन जातं, आपला कॉम्प्युटर घेऊन जातं, पण त्याची गोष्ट मात्र आमच्या काउंटरवरच विसरून जातं. इतक्या वर्षांत जुन्या चार्जरांपेक्षा गोष्टीच जास्त साठल्यात! नांदेडात वजिराबादेत आमचं छोटंसं दुकान आहे. फोनची बाजू अफसरची, कॉम्प्युटरची माझी. पूर्वी मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो, म्हणून अफसर मला अजून मास्तरच म्हणतो. फोनमधलं घरच्या कॉम्प्युटरवर आणि कॉम्प्युटरवरचं फोनमध्ये आपोआप जावं, म्हणजे सिंक. हे काम आलं की आम्हा दोघांना एकाच स्टुलावर बसावं लागतं आणि हमखास भांडण होतं.

हसायचे किस्से आधी सांगून घेतो. शेवटचा सांगताना मला हसता येत नाही.

*

धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी रेल्वेनं आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला सीपीयू, खिशात नवा फोन. म्हणाले, दुकानदारानं सांगितलं होतं की दोघांचं आपोआप जुळतं, पण काही जुळेना.

"दोन दिवस एका पलंगावर शेजारी-शेजारी ठेवले. काहीच गेलं न्हाई एकमेकांत."

अफसरच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "शेठ, नुसतं शेजारी ठेवून कसं? आधी ओळख करून द्यावी लागते ना."

आम्ही दोन्हीकडं एकच खातं टाकून दिलं. शेठ खुशीत गेले आणि महिन्याभरात रडकुंडीला येऊन परतले. फोन भरला म्हणून मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो त्यांनी फोनमधून उडवले होते. घरच्या कॉम्प्युटरवर आहेतच की, अशा हिशेबानं! घरी जाऊन बघतात तर तिथलेही गेलेले.

"फोटो दोन न्हाईत शेठ," अफसर म्हणाला, "खोली एकच हाय, दारं दोन. ह्या दारातून सामान काढलं तर त्या दारातून कसं दिसंल?"

कचऱ्याच्या डब्यातून मी लग्न परत काढलं. शेठनी फेटा पाहिला तेव्हा कुठं त्यांनी पाणी घेतलं.

*

आबांना मात्र एकाच खोलीचा धोका आमच्याआधी कळला होता.

आबा म्हणजे रेल्वेत कारकून असलेल्या दिगंबररावांचे वडील. मूळचे किल्लारीच्या बाजूचे. भूकंपात त्यांची बायको आणि थोरला मुलगा गेला. स्वतः आबा शेतात झोपलेले, दिगंबरराव नांदेडला शिकायला, म्हणून हे दोघं राहिले. घरातली फोटोंची पेटीही गेली. बायकोचा एकही फोटो आबांकडं उरला नाही.

नात प्रणिता डॉक्टरकीच्या परीक्षेच्या तयारीसाठी लातूरला क्लासला निघाली, तेव्हा तिचा फोन घेऊन आबा स्वतः दुकानात आले. चहात खारी बुडवून खायची त्यांची सवय. खारी बुडवता बुडवता म्हणाले, "मास्तर, सगळं एका छताखाली ठेवू नका. एक इथं असू द्या, एक तिथं असू द्या."

प्रत्येकाची टिंगल करणाऱ्या अफसरनं त्या दिवशी आपला अर्धा चहा आबांच्या कपात ओतला.

*

प्रणिताच्या होस्टेलात फोन वॉर्डनबाईंच्या कपाटात. रविवारी सकाळी नऊ ते दहा, तेवढाच हातात. त्या तासात ती आठवड्याचा एक फोटो काढून 'आबांसाठी' नावाच्या फोल्डरात टाकायची. तिथं टाकला की इथं घरच्या कॉम्प्युटरवर उमटायचा. आबा साडेआठपासूनच चष्मा पुसत खुर्चीत बसलेले!

कधी मेसचं ताट, कधी टेस्टचे मार्क, कधी नुसती गच्ची. ताटाचा फोटो आला की सोमवारी आबा आमच्याकडं हजर. "वरणात डाळच न्हाई हो अफसरमियाँ. पोरगी वाळली असंल."

"आबा, फोटोत पोरगी हायच कुठं?"

"ताट दिसलं ना, बास झालं."

*

दिगंबरराव म्हणजे नोंदीचा माणूस. गॅसचा नंबर, दूधवाल्याची सुट्टी, आबांची कवळी, सगळं कॉम्प्युटरमधल्या कॅलेंडरात. खातं घरात एकच, त्यामुळं ते सगळं लातूरला पोरीच्या फोनवरही वाजायचं. एका रविवारी आबांशी बोलता बोलता ती म्हणाली, "आबा, उद्या तुमची कवळी आणायची हाय. पप्पा विसरतेल."

आबांनी हे पूर्ण वजिराबादेत सांगितलं. लातूरला बसून पोरगी माझ्या दातांवर लक्ष ठेवून राहिली, म्हणाले!

*

परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. एका शुक्रवारी पहाटे आबा झोपेतच गेले.

मी आणि अफसर गेलो तेव्हा दिगंबररावांनी मला बाजूला घेतलं. प्रणिताला सांगायचं नाही, असं घरात ठरलं होतं. "दोन वर्षं घासली पोरीनं. आता सांगितलं तर सगळं वाया जाईल. आबाच म्हणले असते, सांगू नका." पण पाहुण्यांची पोरं अंत्ययात्रेचे फोटो कॉम्प्युटरवर टाकत होती, आणि रविवारी तिच्या हातात फोन येणार होता. मी तिथंच बसून फोल्डरांचं सिंक बंद केलं. इकडचं तिकडं नको, तिकडचं इकडं नको. दिगंबररावांनी माझा हात दाबला. मीही स्वतःला शहाणा समजत घरी आलो.

रविवारी तिचा फोन आला. आबांना द्या, म्हणाली. आबा झोपलेत, म्हणून आईनं सांगितलं. पोरगी "झोपू द्या" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर परीक्षेपर्यंत एकाही रविवारी तिनं आबांचं नाव काढलं नाही. दिगंबरराव म्हणायचे, अभ्यासाच्या नादात आहे, बरंच आहे. पण तिच्या आईला ते लागलं. एकदा दुकानात येऊन म्हणाल्या, "ज्यांनी तिला खांद्यावर वाढवलं, त्यांची साधी चौकशी न्हाई. इतकी कशी कोरडी झाली हो पोरगी?"

मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

*

दहावा आबा गेल्यानंतरच्या दुसऱ्याच रविवारी आला होता. गोदावरीच्या घाटावर नऊ वाजल्यापासून आम्ही उभे. पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चार-पाच बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ! दिगंबररावांनी हात जोडून सगळं कबूल केलं. पोरीला डॉक्टर करतो, म्हणाले. गावाकडची जागा विकणार नाही, म्हणाले. पेढा ठेवला, भजी ठेवली. अफसर मागं पायरीवर डोकं खाली घालून बसला होता. दीड तासानं गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि विधी उरकला.

उतरताना दिगंबरराव म्हणाले, "नाराज गेले आबा. नातीपासून चोरलं, ते त्यांना पटलं न्हाई." मग घड्याळ बघून म्हणाले, आज तिचा फोनही आला नाही, तेवढं एक बरं झालं, नाहीतर घाटावरून काय खोटं बोललो असतो.

मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

*

परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं प्रणिता येणार होती. तिला सांगायचं कसं, या काळजीनं घर अर्धं झालं होतं. आई दोनदा बोलायची तयारी करून दोनदा रडल्या. दिगंबररावांनी मला बोलावलं, कॉम्प्युटर होता तसा करून ठेवा म्हणाले. पोरगी आल्यावर निदान तेवढी तरी चोरी दिसू नये.

मी सिंक सुरू केलं. आता काही येणार नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण 'आबांसाठी' फोल्डरात एकेक फोटो उतरायला लागला. अलीकडचा आधी. परीक्षा केंद्राचं फाटक. आवरलेली कॉट. मेसचं ताट. टेस्टचे मार्क. संपलेल्या पेनांची जुडी. पाच रविवारचे पाच.

सहावा सगळ्यात जुना होता, तो सगळ्यात शेवटी आला. होस्टेलच्या गच्चीचा कठडा. कठड्यावर डब्याचं स्टीलचं झाकण, झाकणात वरण-भात आणि त्यावर एक खारी.

"कवाचा हाय हा?" दिगंबररावांनी विचारलं.

मी फोटोची तारीख दाखवली. रविवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं. त्यांनी शेजारी कॅलेंडर उघडलं. त्या तारखेला त्यांच्याच हातची नोंद होती. 'आबांचा दहावा. सकाळी ९. घाट.' फोल्डरं बंद करताना कॅलेंडर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. दिगंबरराव उठले नाहीत. प्रणिताच्या आई पुढं झाल्या, पदरानं स्क्रीन पुसला आणि फोटोतल्या कावळ्यावर बोट ठेवलं. त्याची चोच खारीत होती.

"शिवला की हो," त्या म्हणाल्या.