पिशवीतली तीस कणसं

आज पोटभर हसून घ्या, माझी हरकत नाही. घरचे इतकी वर्षं हसतायत, त्यात तुमची भर. फक्त चहाची बशी आधी खाली ठेवा. मागे हेच सांगत असताना एकाच्या नाकातून चहा आला होता, आणि बोल मला लागला.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं. मोठ्या कचेऱ्या सगळ्या नागपूरकडे. मी उंद्रीच्या शेतकऱ्याचा पोरगा. मॅट्रिक झालो आणि तिकडे एका विद्यापीठाच्या कचेरीत उमेदवार कारकून म्हणून चिकटलो. काम काय, तर प्रोफेसर लोक संशोधन करतात, त्यांचे अर्ज, मंजुऱ्या, दौरे, अहवाल सांभाळायचे. आता संशोधन कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं ते सांभाळायचं कसं? म्हणून आम्हा चौघा उमेदवारांना सहा महिने शिकवायचं ठरलं.

शिकवायला आमचे हेडक्लार्क. माणूस असा काटेकोर, की फाइलीची दोरी सैल दिसली तर त्यांना जेवण जात नसे. रोज एकच मंत्र द्यायचे, घडेल ते लगेच लिहा, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. हा मंत्र मी इतका घोटला की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी म्हणून दाखवला असता.

पण एका दुपारी त्यांनी शेतावरच्या प्रयोगांचा धडा घेतला, आणि मी मागच्या बाकावर खुशाल डुलकी काढली. का नाही काढणार? बाकीचे तिघे शहरातले, त्यांनी ज्वारी पाहिली ती भाकरीतच. मला काय ज्वारी शिकवणार हे लोक! त्या एका डुलकीनं माझा घात केला.

शेवटची परीक्षा अशी, की प्रत्येकाला संशोधनाच्या एकेका ठिकाणी पाठवणार. तिथं पाहणीला कमिटी येणार, तिची सगळी व्यवस्था उमेदवारानं बघायची आणि कमिटीचे मोठे साहेब शेरा लिहिणार. शेरा चांगला तर नोकरी कायम, नाहीतर उंद्रीची वाट.

आणि मला कायम व्हायचंच होतं हो! मेहकरकडच्या एका जमीनदाराची मुलगी मला सांगून आली होती. मी तिला पाहिलं, आणि तेव्हापासून माझं कशात चित्त नव्हतं. तिचे वडील मात्र पक्के. म्हणाले, कायम झाल्याचा कागद आणा, मग सुपारी फोडू. कागद नाही तर पोरगी नाही.

माझ्या वाट्याला आलं जळगाव जामोद. गावाबाहेर, समोर सातपुडा दिसतो अशा वावरात प्रोफेसर सबनीस तीन वर्षं ज्वारीवर संशोधन करत होते. वावर तुळशीरामबुवांचं. सबनीस सकाळीच कमिटीला आणायला नांदुऱ्याच्या स्टेशनवर निघाले. जाता जाता मला म्हणाले, पाहुण्यांच्या फराळाचं तेवढं बघा.

फराळ? दिवाळी होऊन गेलेली, ज्वारी हुरड्याला आलेली, आणि लांबून आलेल्या माणसांपुढं चिवडा ठेवायचा? आपल्याकडे हे शोभतं का, तुम्हीच सांगा!

वावरात शिरलो तर काय बघतो, एका बाजूला तीस कणसांना कागदी पिशव्या बांधलेल्या! प्रत्येक पिशवीवर शिसपेन्सिलीनं नंबर. मला अक्षरशः गहिवरून आलं. आमच्या घरी मानाचा पाहुणा हुरड्याला येणार असला की आई भरदार कणसं हेरून त्यांना चिंध्या बांधून ठेवायची, चिमण्यांनी तोंड लावू नये म्हणून. म्हटलं, वा रे प्रोफेसर! एवढा शिकला, पण रीत विसरला नाही. आणि नंबर घातलेत ते मानाप्रमाणे. एक नंबर मोठ्या साहेबांचा, यात शंका कसली?

मी विळा मागितला तर तुळशीरामबुवा घुटमळले.

"मास्तरनं त्याले हात नोका लावू म्हनून सांगून ठेवलं हाये."

"ते चिमण्यांपायी हो, बुवा. पाहुण्यासाठीच तर राखले."

"मंग बांधाकडचे तोडू ना. तेबी गोड हायेत."

"मी उंद्रीच्या कास्तकाराचा पोरगा आहो. मले जवारी शिकवता काय?"

बुवांनी डोकं खाजवलं आणि विळा दिला.

कमिटी आली. मोठे साहेब जबलपूरकडचे, सोबत दोन धाकटे साहेब आणि सबनीस. लिंबाखाली सतरंजी, पळसाची पानं, जवसाची चटणी, गूळ, दही, बाजूला गोवऱ्यांची आगटी. मी एकेक नंबर घेऊन भाजायचा, हातावर चोळायचा, ज्याच्या त्याच्या पानावर वाढायचा आणि त्याची पिशवी घडी करून पानाखाली सारायची. वर हेडक्लार्कचा मंत्र! वहीत लगेच नोंद, कुठला नंबर, कोणी खाल्ला, काय म्हणाला.

मोठ्या साहेबांनी जन्मात हुरडा खाल्ला नव्हता. पहिल्या घासाला त्यांनी कोट काढला, पाचव्याला मांडी घातली. अकरा नंबर तर पुन्हा मागितला. सबनीस स्वतः डोळे मिटून खात होते. मला म्हणाले, पोरा, तू पुढे येशील रे. बघता बघता तीसच्या तीस नंबर संपले. मी मनातल्या मनात सुपारी फोडून मोकळा झालो.

साहेबांनी हात पुसले आणि म्हणाले, चला, आता संशोधन दाखवा.

सबनीस उठले, त्यांचं पान सरकलं आणि खालून पिशवी निघाली. त्यांनी नंबर वाचला. मग वावराकडे पाहिलं, मग आगटीकडे, मग माझ्याकडे.

"हे काय आहे?"

"पिशवी, सर. तुमचीच. पाहुण्यांसाठी राखलेली."

त्यांनी बाकीची पानं उचलून पाहिली. मग बारीक आवाजात साहेबांना सांगू लागले, की दुसऱ्या कणसांचा पराग पडू नये म्हणून पिशव्या बांधल्या होत्या, तीन वर्षं निवडत निवडत इथवर आलो होतो, हेच दाणे पुढच्या साली पेरायचे होते.

"संशोधन पाहायचं होतं ना, साहेब? ते आपण खाल्लं."

मला मेहकरची मुलगी दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात माळ घालताना दिसायला लागली. काय करावं सुचेना, म्हणून वही पुढं केली. म्हटलं, नोंद ठेवलीय, साहेब.

साहेब मोठ्यानं वाचू लागले. "नंबर अकरा, मोठे साहेब, पुन्हा मागितला. नंबर बारा, सबनीस सर, बोलले नाहीत, बोटं चाटली. नंबर वीस, धाकटे साहेब, कडू म्हणून थुंकले."

इथं साहेबांचं पोट जे हलायला लागलं, ते थांबेचना. हसता हसता ठसका लागला, मीच पाणी दिलं. सबनीसांनी मात्र वही हिसकावून घेतली. वाचता वाचता त्यांच्या तोंडावर रंग आला. वीस नंबरवर त्यांची सगळी भिस्त होती, आणि तो कडू निघाला होता, हे पेरण्याआधीच कळलं! मागच्या सालचं बी त्यांच्या घरी डब्यांत होतंच. म्हणजे साल गेलं, काम वाचलं. साहेबांनी आणखी एक वर्ष दिलं. अट एकच, पुढच्या हुरड्याला बोलवायचं.

माझ्या शेऱ्यात मला 'कायम करावे' एवढंच दिसलं. पुढचं कोण वाचतो? कचेरीनं साहेबांचा शेरा जसाच्या तसा उतरवून कागद दिला, तो खिशात घालून मी थेट मेहकरकडे पळालो.

बैठकीत वीस-पंचवीस माणसं. मुलीच्या वडिलांनी चष्मा लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"नोंदी उत्तम ठेवतो. कायम करावे. मात्र यास कोणत्याही कारणाने शेतात जाऊ देऊ नये."

आतल्या दारामागं बांगड्या वाजल्या आणि कोणीतरी खुदकन हसलं. मी सतरंजीचे धागे मोजत बसलो.

त्यांनी तीच ओळ पुन्हा एकदा मनात वाचली. मग चष्मा काढला आणि खुशीत आपल्या दोन्ही पोरांकडे वळले.

"म्हंजे हा जावई कधी वावरात हिस्सा मांगाले येनार नाई. सायबानंच लिवून देल्लं हाये. फोडा सुपारी."